टँकरच्या वेळचा वाढदिवस

"बाई, तुमचा वाढदिवस खरा का शाळेचा?"

सूर्यमाळच्या वरच्या अंगाला असलेल्या एका पाड्यावरच्या शाळेत मी रुजू झाले, तेव्हा मला विचारला गेलेला हा पहिला प्रश्न. नाव नाही, गाव नाही, चहा घेणार का नाही. विचारणारी बाई दारात उभी होती. बुटकी, काटकुळी, कडेवर वर्षाची पोर आणि गळ्यात दोरीने लटकवलेला मोबाइल. मी साताऱ्याकडची. आमच्याकडे बाईमाणसाला तोंडावर वय विचारत नाहीत, आणि ही थेट माझ्या जन्माच्या खरेपणावरच आलेली. मी गारच पडले. म्हटलं, "म्हणजे काय?"

"म्हंजे मास्तराने लिवलेला, का आईला ठाव असलेला?"

या यमुनाताई, आमच्या पाड्याच्या अंगणवाडी सेविका. मी त्यांच्याशेजारी दोन वर्षं नोकरी केली. शाळेची एक भिंत ती अंगणवाडीची भिंत, त्यामुळे त्यांचा आवाज दिवसभर माझ्या वर्गात असायचा. मी पाढे घ्यायला लागले की पलीकडून त्या गाणं सुरू करायच्या, आणि माझी दुसरीची पोरं पाढे सोडून तिकडे माना वळवायची. मी भिंतीवर थाप मारली की पलीकडूनही थाप यायची. आवाज काही कमी व्हायचा नाही.

त्यांच्या प्रश्नाचा उलगडा मला पट उघडल्यावर झाला. निम्म्याहून जास्त पोरांची जन्मतारीख एक जून. त्यांच्या आयांची एक जून. खुद्द यमुनाताईंचीही तीच. पोर घरात जन्मलं, तारीख कोणी धरून ठेवली नाही, आणि शाळेत घालताना गुरुजींनी सोयीची तारीख टाकून दिली. ही पद्धत काही मला नवी नव्हती, पण अख्खा पाडा एका दिवशी जन्मलेला मी पहिल्यांदाच पाहिला. यमुनाताई म्हणाल्या, "आमच्यात एक जूनला कोणी कोणाला हॅपी बर्थडे बोलत नाय. बोलाय लागला तं माणूस दमूनच जायचा."

आणि मग कडेवरची पोर माझ्यापुढे धरून, दागिना दाखवावा तसं म्हणाल्या, "ही स्वरा. हिचा खरा हाय. जव्हारच्या दवाखान्यात झाली. डॉक्टरनी तारीख दिली, टायम पण दिला." लग्नानंतर कितीतरी वर्षांनी झालेली एकुलती एक लेक. नवरा भिवंडीकडे वीटभट्टीवर, दिवाळी झाली की जायचा तो पावसाच्या तोंडावर परतायचा. पोरीचा खरा वाढदिवस हीच त्या घरातली श्रीमंती होती.

यमुनाताईंनी मला धक्के द्यायचे नि मी तोंडाचा आ करून बघत बसायचं, असा आमचा व्यवहार पहिल्या महिन्यातच ठरून गेला. एक दिवस सकाळी बघते तर अंगणवाडी बंद. चौकशी केली तर कळलं, एका घरातलं पोर फार वाळलं होतं, बाप दवाखान्यात न्यायला तयार नव्हता. नेतो नेतो म्हणायचा आणि न्यायचा नाही. यमुनाताईंनी काय करावं? बाप रानात गेलेला बघून पोराला नि त्याच्या आईला जीपमध्ये घातलं, एका मांडीवर स्वरा, एका मांडीवर ते पोर, आणि जव्हार गाठलं. बापाला निरोप ठेवला, 'पोर पायजे तं दवाखान्यात ये.' मी हबकलेच. म्हटलं, बाई, हे पळवून नेणं झालं, पोलिसात जाईल तो. तो पोलिसात गेला नाही. कमरेचा कोयताही न काढता तणतणत जव्हारला गेला. तिथं पोर कॉटवर बसून उकडलेलं अंडं खात होतं. ते बघून हा बाबा खाली बसला तो पोर सुधारेपर्यंत उठला नाही.

मी नंतर त्यांना विचारलं, "आणि त्याने मारलं असतं तर?"

"मारला असता तं मारला असता. दवाखान्यातच होते ना मी, लांब जायाला नको."

अशा बाईला काय बोलणार तुम्ही? मी कपाळाला हात लावला.

पण याच बाईला एका गोष्टीपुढे हात टेकावे लागले होते. ती गोष्ट म्हणजे पोरीचा वाढदिवस किती वाजता करायचा. ऐकायला हसू येतं. मलाही आलं होतं. वाढदिवस म्हणजे काय मुहूर्ताचं लग्न आहे का?

स्वराचा दुसरा वाढदिवस आला तेव्हा मी तिथं होते. यमुनाताईंनी जव्हारला त्यांच्या खात्यातल्या एका मॅडमच्या घरी बर्थडे पाहिला होता. संध्याकाळी सात, फुगे, खुर्चीत बसलेलं पोर, पाहुण्यांच्या हातात चिवड्याच्या प्लेटी. तसाच करायचा ठरला. एप्रिल सरत आलेला. घराच्या कुडाच्या भिंतीला फुगे चिकटवले, शाळेतली माझी खुर्ची नेली, पोरीला झालरीचा गुलाबी फ्रॉक. सगळ्या पाड्याला आमंत्रण. आणि झालं काय, तर दिवसभर न आलेला टँकर नेमका त्या तिन्हीसांजेला आला.

ज्याने सूर्यमाळचा उन्हाळा पाहिला नाही त्याला हे कळायचं नाही. होळी झाली की विहीर तळाला जाते. मग एक दिवसाआड टँकर येतो आणि विहिरीत पाणी ओततो. ओतलेलं पाणी बायका दोर सोडून वर ओढतात. जी आधी पोचली तिचे हंडे भरतात, जी मागं राहिली तिला गाळ. टँकरचा आवाज आला की चुलीवरचा भात तसाच सोडून बायका पळतात. त्या संध्याकाळीही पळाल्या. फ्रॉक घातलेली पोर खुर्चीत बसून दाराकडे बघत राहिली. वाढदिवसाला माणसं किती, तर मी आणि यमुनाताई. त्या पाण्याला गेल्या नाहीत. पोरीला एकटी टाकून जायचं मन होईना. अंधार पडला, पोर खुर्चीतच झोपली, फुगे सकाळी बकरीने फोडले. वर दोन दिवस घरात पाण्याचा ठणठणाट. मला भयंकर वाईट वाटलं. समजूत घालायला गेले तर यमुनाताईंनी मलाच गप्प केलं.

"वाढदिवस नाय चुकला, बाई. टायम चुकला."

तिथून पुढे वर्षभर त्यांनी तो टायम शोधला. कोणी भेटो, जीपवाला, नर्सबाई, खोडाळ्याच्या बाजारातला कांदेवाला, त्या विचारायच्या, "तुमच्या पोराचा बर्थडे किती वाजता करता?" लोक तारीख सांगायचे. "तारीख नको, टायम सांगा." मला तर मधल्या सुट्टीत बसवून एकेक वेळ समोर ठेवायच्या आणि स्वतःच मोडीत काढायच्या. पहाटे? पहाटे बायका दरीतल्या झऱ्यावर. सकाळी? रानात लाकडाला, मोहाची फुलं वेचायला. भर दुपारी? बारकी पोरं झोपतात, स्वरा तर डोळेच उघडत नाही, आणि झोपमोड झालेलं पोर केक बघून पण रडतं. संध्याकाळी? चुली, अंधार, आणि ज्यांच्या घरात बाटली आहे त्या घरची बाई घर सोडायची नाही. मी म्हटलं, मग जमतील तेवढ्यांना बोलवा. चार बायका, चार पोरं, झालं.

त्या माझ्याकडे अशा बघायला लागल्या, जणू मी काहीतरी अभद्र बोलले. "सगळा पाडा पायजे. खरा वाढदिवस हाय तो. सगळ्यांनी बघितला पायजे."

असं होता होता पुन्हा एप्रिल आला. एके दिवशी भिंतीवर थाप पडली, आणि मागोमाग यमुनाताईच वर्गात आल्या. चेहरा उजळलेला.

"गावला टायम. आमच्या पाड्यात सगळी माणसं एका जागी दोनच वेळेला येतात. मयताला, नाय तं टँकरला. मयताला केक कसा कापायचा? टँकरलाच कापू."

दुसरीची पोरं हसली. मी हसले नाही. लेकराच्या वाढदिवसाचं बोलताना तोंडातून मयत काढणारी आई मी आजवर पाहिली नव्हती. पण नंतर, खोडाळ्याच्या माझ्या खोलीवर भाकरी थापताना, तेच वाक्य डोक्यात घोळत राहिलं, आणि मला कबूल करावं लागलं की बाईचा हिशोब चोख आहे. स्वराच्या तारखेला टँकरची पाळी होतीच, आणि तो अकराच्या सुमाराला यायचा. त्याच्या आधी बराच वेळ बायका विहिरीवर हंड्यांची रांग लावून आंब्याच्या सावलीत नुसत्या बसून असायच्या. पोरं सकाळची ताजी. म्हातारी माणसंही काठी टेकत येऊन बसायची. साडेदहाला केक कापायचा, खायचा, तोंड पुसायचं, आणि मग टँकर. याहून चांगली वेळ कोणी काढून दाखवावी.

केक मी आणायचा ठरला. जव्हारच्या बेकरीत सलीमभाईंना सांगितलं की सूर्यमाळला न्यायचा आहे, तर त्यांनी क्रीमच्या केककडे बोटसुद्धा करू दिलं नाही. "मॅडम, वो ऊपर पहुँचते-पहुँचते सरबत हो जाएगा. साधा घेऊन जा, पोरांना काय, गोड पाहिजे." मग वर नुसती चेरी लावलेला साधा केक घेतला. जीपमध्ये तो मांडीवर धरून अख्खा घाट मी अंग चोरून बसले होते.

यमुनाताईंनी आपल्या परीने सगळी तयारी केली. आंब्याला फुगे बांधले, दगडाची चूल असते तसं दगडांचं टेबल रचलं, वर अंगणवाडीची चटई. बायकांना बजावलं की केक कापेपर्यंत कोणी विहिरीकडे सरकायचं नाही. आणि टँकरवाल्याला फोन लावला. हा फोन माझ्यासमोर झाला. "दादा, उद्या अकराच्या आधी नाय ना येत तुमी? नाय ना? बरा. आन ऐका, आमच्या स्वराचा बर्थडे हाय. तुमी पण या. केक खाऊनच जावा." मी मनात म्हटलं, किती रीतभात आहे बाईला, टँकरवाल्यालाही विसरली नाही.

दुसऱ्या दिवशी शाळा सोडून आम्ही सगळी मिरवणुकीने विहिरीवर. खरोखर अख्खा पाडा होता. स्वरा दगडावर उभी, अंगात तोच गुलाबी फ्रॉक, आता आखूड झालेला. मेणबत्ती लावली, वाऱ्याने विझली, पुन्हा लावली. यमुनाताईंनी पोरीच्या हातात सुरी दिली, तिच्या हातावर आपला हात ठेवला, आणि खालच्या वळणावर टँकरचा हॉर्न वाजला.

कोणाचा विश्वास बसेना. टँकर आणि वेळेच्या आधी? वर आला तर आरशाला फुगा बांधलेला. टँकरवाले दादा इस्त्रीचा शर्ट घालून उतरले आणि खुशीत म्हणाले, "ताई, तुम्ही एवढं बोलावलंत, म्हटलं केक संपायच्या आत पोचू. दुसरी खेप मागं ठेवली."

त्या माणसाचा काय दोष? त्याने आमंत्रणाचा मान राखला होता. पण तोवर रोजच्या सवयीने कोणीतरी पाईप ओढून विहिरीत सोडलाही होता. पाणी पडल्याचा आवाज आला. एक बाई उठली, मग दुसरी, मग कोणीच बसून राहिलं नाही. आंब्याखालची जागा बघता बघता मोकळी झाली. पुन्हा तेच. गेल्या वर्षीची ती खुर्चीतली पोर माझ्या डोळ्यांपुढे आली.

यमुनाताईंनी विहिरीकडे बघितलं. पोरीकडे बघितलं. सुरी माझ्या हातात दिली. "धरा, बाई," एवढंच म्हणाल्या, रांगेतला हंडा उचलला आणि धावत सुटल्या.

मला राग आला. अगदी खरं सांगते, भयंकर राग आला. वर्षभर ज्याच्यासाठी गावभर विचारत फिरलात ते हेच का? पोरीला सुरीसकट दुसऱ्याच्या हवाली करून जाणारी ही कसली आई? मी स्वराला जवळ घ्यायला वाकले, म्हटलं आता ही रडणार. पोर रडत नव्हती. टाचा वर करून विहिरीकडे बघत होती आणि जिवाच्या आकांताने ओरडत होती, "आये, पुढं घुस. आये, आपला हंडा पुढं."

तीन वर्षांची पोर ती. माझा राग तिथंच विरला, आणि त्याच्या जागी काय आलं ते मला आजही नीट सांगता येणार नाही. टँकरवाले दादा मान खाली घालून माझ्या शेजारी उभे होते. त्यांना बिचाऱ्यांना सगळं कळून चुकलं होतं. केकवरची चेरी घरंगळून चटईवर पडली, ती मी उचलून परत ठेवली.

पाणी आटोपलं तसं एकेक बाई परत यायला लागली. डोक्यावर हंडा, कमरेवर कळशी, लुगडी भिजलेली, धापा टाकत. भांडी सावलीत ठेवून पुन्हा जागेवर बसल्या. एकही घरी गेली नाही. आमंत्रण होतं ना. यमुनाताई शेवटी आल्या. कोपराला खरचटलेलं, हंडा काठोकाठ.

"असं टाकून जायचं पोरीला?" माझ्या तोंडून निघून गेलंच.

"केक फिरून आणता येल, बाई. हंडा फिरून नाय भरत."

मग केक कापला. टाळ्या वाजल्या. टँकरवाल्या दादांना पहिला तुकडा मिळाला, तो त्यांनी स्वरालाच भरवला. सगळं झालं, पोरं चटईवरचे कण वेचायला लागली, आणि मला वाटलं, चला, पार पडलं. तर यमुनाताईंनी पोरीच्या अंगातला फ्रॉक काढून माझ्याकडे दिला, तिला सपाट दगडावर उभी केली, आताच भरून आणलेला तो मोठा हंडा उचलला आणि अख्खाच्या अख्खा तिच्या डोक्यावर ओतला.

कोणी हललं नाही. त्या दिवसांत तिथं पोरांना ओल्या फडक्याने पुसून काढत. भांडी राखेने घासत. आणि इथं हंडाभर पाणी दगडावरून वाहून मातीत चाललेलं. स्वराने आधी हबकून डोळे मिटले, मग तोंड उघडलं, आणि मग ती जी हसायला लागली ती थांबेना. दगडावर पाय आपटून आपटून हसत होती.

पहिला आवाज काढला तो धर्मीबाईने. पाड्यातली सगळ्यात वयस्कर बाई, तिच्या तोंडाला सगळा पाडा वचकून. "येडी झालीस का गं यमुने? रातच्याला काय शिजवशील? काय पिशील? परवापर टँकर नाय."

"ठाव हाय," यमुनाताई म्हणाल्या. "रोज पुसते तिला. आज तिचा खरा दिवस हाय. एक आंघोळ तरी खरी होऊ दे."

धर्मीबाई तोंडाने शिव्या देतच उठली. स्वतःच्या कळशीत तांब्या बुडवला आणि यमुनाताईंच्या रिकाम्या हंड्यात ओतला. "घे. माझ्याकडून पोरीला," म्हणाली, आणि बसता बसता आणखी एक शिवी दिली. तिच्यामागून दुसरी उठली, तिच्यामागून तिसरी. कोणी तांब्याभर, कोणी ओंजळभर. एक बाई मात्र आपले हंडे उचलून मुकाट्याने घरी निघून गेली. तिच्या घरी तान्हं होतं आणि सासरा अंथरुणाला खिळलेला. तिला कोणी काही बोललं नाही. माझ्याजवळ खोडाळ्याहून आणलेली बाटली होती, अर्धी उरलेली. ती ओतताना मला इतकी लाज वाटली, पण ओतली.

जूनमध्ये माझी बदली झाली आणि मी घाट उतरले. यमुनाताईंच्या इतर कितीतरी गोष्टी हळूहळू पुसट झाल्या. पण कायम तोंड चालू असलेली ती बाई मी एकदाच, त्या दिवशी, गप्प झालेली पाहिली. हंडा गळ्यापर्यंत भरला होता. त्या त्याच्याशेजारी उकिडव्या बसून पदराने पोरीचं डोकं पुसत होत्या. पदरातून मान बाहेर काढून स्वराने विचारलं, "आये, उद्या पण माझा वाढदिवस हाय?"

बायका खळखळून हसल्या. धर्मीबाईसुद्धा हसली. यमुनाताईंनी माझ्या हातातला फ्रॉक घेऊन पोरीला चढवला, कोणाला तरी हात लावायला सांगून हंडा डोक्यावर घेतला, आणि एका हाताने हंडा, दुसऱ्या हाताने लेकीचं बोट धरून त्या चढ चढायला लागल्या.